यथाविधि, रीतसर, सनदशीर, कायदेशीर

एखादी गोष्ट कायद्याला धरून झाली, एवढेच सांगायचे असले तरी मराठीत त्यासाठी शब्दांची एक लांब रांग उभी राहते: यथाविधि, विधिवत, रीतसर, शिरस्त्याप्रमाणे, वहिवाटीप्रमाणे, सनदशीर मार्गाने, नियमानुसार, कायदेशीररीत्या, वैधरीत्या. कोशात हे शब्द एकमेकांचे पर्याय म्हणून शेजारी बसतात. बोलण्यात आणि कागदावर मात्र त्यांची कामे वाटलेली आहेत. लग्न यथाविधि लागते, पावती रीतसर मिळते, पाणंद वहिवाटीने खुली राहते, आंदोलन सनदशीर मार्गाने चालते आणि जमीन कायदेशीररीत्या नावावर होते. ही वाटणी इतिहासाने केली आहे. यांतला प्रत्येक शब्द वेगळ्या सत्तेखाली रुजला, आणि कृती कोणाच्या आधाराने योग्य ठरते हे तो अजूनही सांगतो: कुठे शास्त्राच्या, कुठे गावाच्या, कुठे राजाच्या, तर कुठे विधिमंडळाच्या.

शास्त्राचा विधी

सर्वांत जुना आधार शास्त्राचा. मीमांसाशास्त्रात 'विधी' म्हणजे अमुक करावे असे सांगणारे वचन आणि 'निषेध' म्हणजे करू नये असे सांगणारे. यथाविधि, विधिवत, विधिपूर्वक ही क्रियाविशेषणे या अर्थातून आली. कृती नुसती घडून भागत नाही. ती सांगितलेल्या क्रमाने, सांगितलेल्या अंगांसह घडली पाहिजे, हा त्यांचा गाभा.

धर्मशास्त्रात न्यायनिवाड्याला 'व्यवहार' हे नाव होते. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. त्या स्मृतीचे आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त असे तीन भाग आहेत. सतराव्या शतकात नीलकंठ भट्टाने 'व्यवहारमयूख' रचला. त्याचे घराणे मूळचे पैठणचे, पुढे काशीत स्थायिक झालेले. वारसा आणि वाटणीच्या वादांत मुंबई इलाख्यातील इंग्रजी न्यायालयांनी हे दोन्ही ग्रंथ प्रमाण मानले. तरीही सामान्य मराठी बोलण्यात 'यथाविधि' हा शब्द न्यायालयापेक्षा देवघराजवळच राहिला. मुंज, लग्न, श्राद्ध, प्राणप्रतिष्ठा ही त्याची क्षेत्रे.

विसाव्या शतकात या शब्दाला पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागली. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या सातव्या कलमाने विवाह कोणत्याही एका पक्षाच्या रूढ विधींनुसार व्हावा असे ठरवले. त्या विधींत सप्तपदी असेल, तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. १९६५ मध्ये महाराष्ट्रातले एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर आले. पहिली पत्नी हयात असताना गांधर्व पद्धतीने दुसरे लग्न केल्याचा आरोप होता. न्यायालयाने तपासले ते हे दुसरे लग्न यथाविधि लागले होते का. आवश्यक विधी झाल्याचा पुरावा नव्हता. म्हणून कायद्याच्या दृष्टीने ते लग्नच ठरले नाही, आणि द्विभार्येचा गुन्हाही सिद्ध झाला नाही. एका क्रियाविशेषणाच्या अभावी आरोप कोसळला. या निकालाने पहिल्या पत्नीच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न त्यानंतर दीर्घकाळ चर्चेत राहिला.

गावाची रीत

शिवकाल आणि पेशवाईत बहुतेक वाद ग्रंथ उघडून सुटत नसत. ते गोतसभेत, म्हणजे गावच्या वतनदारांच्या आणि भाऊबंदांच्या सभेत, सुटत. वतनाचा, शिवेचा किंवा मानपानाचा तंटा उभा राहिला की दावा सांगणारा अग्रवादी आणि त्याला उत्तर देणारा पश्चिमवादी गोतापुढे आपापली तकरीर, म्हणजे जबानी, लिहून देत. दोघांकडून जामीन घेतला जाई. निवाडा मान्य करू असा कबुलीचा लेखही घेतला जाई, आणि त्याला 'राजीनामा' म्हणत. आज नोकरी सोडताना द्यायच्या कागदाला लागलेला हा शब्द तेव्हा राजी असल्याचा लेख होता. साक्षी होत, जुने कागद पाहिले जात, आणि दुसरा पुरावा नसेल तर दिव्यही करवले जाई. हरणारा यजितखत, म्हणजे हरल्याची कबुली, लिहून देई. जिंकल्याबद्दलची रक्कम, हरकी, जिंकणारा सरकारात भरी आणि हरणाऱ्याला गुन्हेगारी, म्हणजे दंड, द्यावी लागे. शेवटी महजर, म्हणजे निवाड्याचा लेख, होई. त्यावर हजर असलेल्यांची नावे आणि निशाण्या असत. कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा अशी प्रत्येकाच्या धंद्याची खूण असे.

कृती योग्य ठरवायची ती पूर्वी कशी चालत आली यावरून, हे या व्यवस्थेचे मर्म होते. त्या काळच्या कागदांत म्हणूनच 'प्रमाणे' हा शब्द सतत भेटतो: सालाबादप्रमाणे, मामूलप्रमाणे, दस्तुराप्रमाणे, शिरस्तेप्रमाणे. 'मामूल' म्हणजे नेहमीचे, चालू असलेले. 'दस्तूर' म्हणजे चाल. 'शिरस्ता' हा फारसी 'सररिश्ता'वरून आला, म्हणजे मूळ अर्थाने दोऱ्याचे टोक. त्या टोकाला धरून मागे जायचे आणि पूर्वी काय झाले ते पाहायचे, ही कल्पना शब्दातच आहे. हुकूम किंवा सनद आधाराला असेल तर फारसी वळणाचे 'बमोजीब' वापरत. 'सनदेबमोजीब' म्हणजे सनदेत लिहिल्याबरहुकूम.

'रीतसर' याच घराण्यातला. 'रीत' हा शब्द संस्कृत 'रीति'वरून आला आणि 'सर' जोडल्यावर त्याचे क्रियाविशेषण झाले. त्याला ना शास्त्राचे वजन लागते ना सरकारी छाप्याचे. ठरलेल्या पायऱ्या क्रमाने पार पडल्या एवढेच तो सांगतो. त्यामुळे राज्ये बदलली तरी त्याचे काम थांबले नाही. रीतसर मागणी, रीतसर आमंत्रण, रीतसर अर्ज आणि रीतसर पावती हे प्रयोग जुन्या दफ्तरात शोभतात तसेच आजच्या कचेरीतही.

'वहिवाट' हा शब्द मात्र नुसत्या पद्धतीपुढे जातो. एखादी जमीन, वाट किंवा हक्क सतत उपभोगात असणे म्हणजे वहिवाट. त्या उपभोगातून हक्क जन्मतो, ही समजूत गावात इतकी खोल आहे की मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली शेतरस्त्यांचे तंटे आजही तहसीलदारापुढे चालतात आणि अर्जात 'वहिवाटीचा रस्ता' हेच शब्द असतात. गोव्यात १५२६ मध्ये पोर्तुगिजांनी गावकऱ्यांच्या चालीरीतींची सनद लिहून काढली. परकी सत्तेलाही गावाचा कारभार चालवायला आधी गावाची रीत कागदावर घ्यावी लागली.

फारसी शब्द आणि राजव्यवहारकोश

दरबारी मराठीवर फारसी आणि अरबी शब्दांचा थर चढला तो बहमनी काळापासून. या थराचे मोजमाप इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी केले. जुनी पत्रे घेऊन त्यांतले शब्द त्यांनी मोजले. १६२८ च्या पत्रात मराठी शब्द सुमारे १४ टक्के निघाले, १६७७ च्या पत्रात सुमारे ६३ टक्के आणि १७२८ च्या पत्रात सुमारे ९४ टक्के. मोजक्या पत्रांवरचा हा हिशेब असला तरी बदलाची दिशा त्यातून स्पष्ट दिसते.

त्या बदलामागे एक जाणता प्रयत्न होता. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्याभिषेकाच्या सुमारास 'राजव्यवहारकोश' तयार झाला. रघुनाथपंत हणमंते यांच्या नावाशी जोडलेल्या या कोशात सुमारे १३८० यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत आणि त्यांची राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग, पण्यवर्ग अशी दहा वर्गांत मांडणी आहे. तरीही राज्याभिषेकानंतर अष्टप्रधानांची कामे ठरवणारा कागद 'कानूजाबता' याच नावाने ओळखला जातो. कानून आणि जाबता हे दोन्ही शब्द अरबीतून आलेले. राज्यकर्त्याने ठरवले तरी कारकुनाच्या हाताला बसलेला शब्द एका पिढीत सुटत नाही, हे यातून दिसते.

छापील कायदा

अरबीत 'कायदा' म्हणजे पाया, बैठक, त्यावरून नियम. आज या शब्दाला जो करडा अर्थ आहे तो इंग्रजी अमलाने दिला. १८१८ मध्ये पेशवाई गेली. दख्खनचा कमिशनर आणि नंतर मुंबईचा गव्हर्नर झालेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनला पंचायतीची पद्धत टिकवायची होती. दख्खनमधील जातींच्या चालीरीती गोळा करण्याचे काम आर्थर स्टील याने केले आणि त्याचा संग्रह १८२७ मध्ये तयार झाला. त्याच वर्षी मुंबई इलाख्याची नियमावली लागू झाली. तिच्या चौथ्या रेग्युलेशनमध्ये निर्णयाच्या आधारांचा क्रम दिला होता: आधी पार्लमेंटचे आणि सरकारचे कायदे, ते नसतील तर त्या प्रदेशाची रूढी, तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि काहीच नसेल तर न्याय, समता व सद्सद्विवेक.

या क्रमाने शिरस्त्याचे स्थान बदलले. पूर्वी रूढी हाच नियम होता. आता छापील नियम नसेल तिथेच रूढीला जागा उरली. तीही सिद्ध करावी लागे, साक्षी-पुराव्याने, न्यायाधीशापुढे. १८६० चा दंडसंग्रह १८६२ पासून अमलात आला आणि १८६२ मध्येच मुंबईचे उच्च न्यायालय सुरू झाले. कायदा आता क्रमांकाने ओळखला जाऊ लागला. अरबीत लेखणीचा अर्थ असलेला 'कलम' हा शब्द छापील परिच्छेदाला लागला, आणि 'कायदेशीर' हे विशेषण घरोघर पोचले. फायदेशीर, पद्धतशीर, सनदशीर या शब्दांतला 'शीर' प्रत्यय त्याला होता. विरुद्धार्थी 'बेकायदा' फारसी उपसर्गाने पूर्ण झालेलाच होता. मराठीने त्याला पुन्हा प्रत्यय लावून 'बेकायदेशीर' घडवला.

सनदशीर की कायदेशीर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शब्दांना राजकीय धार आली. १ नोव्हेंबर १८५८ चा राणीचा जाहीरनामा ही आपल्या हक्कांची सनद आहे, असे अनेक सुशिक्षित भारतीय मानत. १८७० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचे सभासद लोकांच्या सह्यांची मुखत्यारपत्रे घेऊन बसत. अर्ज, निवेदन, शिष्टमंडळ हा त्यांचा मार्ग, आणि त्यालाच 'सनदशीर' हे नाव पडले. १८९६-९७ च्या दुष्काळात सभेने आणि 'केसरी'ने दुष्काळसंहितेतल्या तरतुदी मराठीतून शेतकऱ्यांपर्यंत पोचवल्या. सारामाफी ही सरकारची मेहेरबानी नसून सरकारच्याच नियमांनी दिलेला हक्क आहे, हे खेड्यात पहिल्यांदा इतक्या उघडपणे सांगितले गेले. सरकारने १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेतली.

१९०७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी अलाहाबादच्या व्याख्यानात सनदशीर चळवळीची व्याख्या मांडली. बंड, परकी आक्रमणाला साहाय्य आणि गुन्हेगारी एवढे वगळले तर बाकीचे मार्ग सनदशीर, असे तिचे सार होते. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'त या शब्दावरच बोट ठेवले. सनदशीर म्हणायला आधी सनद हवी. इंग्लंडमध्ये राजा आणि प्रजा यांच्या हक्कांची घटना आहे; हिंदुस्थानात प्रजेच्या हाती अशी कोणतीही सनद नाही, असलाच तर दंडसंग्रह आहे. तेव्हा चळवळ फार तर कायदेशीर असेल, सनदशीर नव्हे. आणि कायदे बदलण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे ते आज कायदेशीर असलेली गोष्ट उद्या बेकायदा ठरवू शकतात. म्हणून चळवळीची खरी कसोटी न्याय आणि नीती हीच. या वादाने मराठी वाचकाला कायदेशीर, सनदशीर आणि न्याय्य या तीन शब्दांतले अंतर शिकवले. १९३० मध्ये शिरोड्याला मिठाचा आणि बिळाशी, चिरनेर येथे जंगलाचा सत्याग्रह झाला, तेव्हा 'सविनय कायदेभंग' या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागला नाही. कायदा मोडूनही कृती न्याय्य असू शकते, हा विचार भाषेत आधीच रुजला होता.

वहिवाट आणि हक्क: महाड

रूढी आणि कायदा समोरासमोर आले ते महाडला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा आणि सरकारी संस्था अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव होता. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, पण ते कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी त्या तळ्याचे पाणी घेतले. विरोधकांनी न्यायालयात धाव घेतली ती वहिवाटीच्या आधाराने: या तळ्यावर अस्पृश्यांनी येऊ नये अशी अनादिकाळापासूनची चाल आहे, असा त्यांचा दावा होता. डिसेंबर १९२७ मध्ये तात्पुरता मनाईहुकूम निघाला, आणि दुसऱ्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी तो मानून सत्याग्रह पुढे ढकलला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. अनादि म्हणावी अशी चाल सिद्ध झालेली नाही, म्हणून दावा टिकत नाही. ज्या 'प्रमाणे'वर शतके निभली, त्याला पुरावा मागितल्यावर तो देता आला नाही.

कुळकायद्यातला एक शब्द

मराठी शेतकऱ्याच्या आयुष्यात 'कायदेशीररीत्या' या शब्दाइतके वजन फार थोड्या शब्दांना आले. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या चौथ्या कलमानुसार, दुसऱ्याची जमीन कायदेशीररीत्या कसणारा माणूस मानीव कूळ ठरतो. मात्र तो मालकाच्या कुटुंबातला, मजुरीवरचा गडी किंवा कब्जेगहाणदार नसावा, आणि मालक ती जमीन स्वतः कसत नसावा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवसापासून कुळाला जमिनीचा खरेदीदार मानले गेले. कसणे हे शेजाऱ्यांना दिसते, पीकपाहणीत उतरते. वाद होई तो कायदेशीररीत्या कसले का, यावर. कब्जेगहाणदाराने जमीन कसायला दिली, मालकाने नव्हे, तर ते कसणे कायदेशीर का? १९६० च्या दशकाच्या आरंभी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले: जमीन देण्याचा अधिकार ज्याला होता त्याने ती दिली असेल, तर कसणे कायदेशीर, ती खुद्द मालकानेच दिली असली पाहिजे असे नाही. या अर्थनिर्णयाने कित्येक कुळांच्या पायाखालची जमीन टिकली.

राजभाषेतला वैध

देशी भाषेत राज्यकारभार चालवायचा तर परिभाषा हवी, हे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी आधी ओळखले. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू'त इंग्रजी संज्ञांना मराठी, गुजराती, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली पर्याय शेजारी शेजारी दिले आहेत. त्याच सुमारास स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीने 'कायदेमंडळ' काढून 'विधिमंडळ' रूढ केले. अशा रीतीने यज्ञशाळेतला 'विधी' सभागृहात आला.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि पुढे राजभाषा अधिनियम, १९६४ आला. अधिनियम, नियम, विनियम, उपविधी, अध्यादेश, अधिसूचना अशी उतरंड ठरली. 'विधी'पासूनच संस्कृत वृद्धीने 'वैध' झाला आणि 'कायदेशीर'च्या शेजारी बसला. दोन्ही शब्द टिकले, कारण त्यांनी कामे वाटून घेतली. परवाना, मृत्युपत्र, मतपत्रिका वैध किंवा अवैध असते. कारवाई, वारस, सल्ला कायदेशीर असतो.

आजचा वापर

क्रियाविशेषण घडवण्याचे तीन मार्ग मराठीत चालू आहेत. 'कायदेशीरपणे' यात 'पण' प्रत्ययाने भाववाचक नाम होऊन त्याला तृतीया लागली आहे. 'कायदेशीर रीतीने' यात रीतीला मराठी तृतीया आहे, आणि 'कायदेशीररीत्या' यात संस्कृत. 'रीत्या' हे 'रीति'चेच संस्कृत तृतीयेचे रूप. म्हणून त्यात 'री' दीर्घ हवी. 'कायदेशीररित्या' हे लेखन चूक. 'विधी' सुटा लिहिताना दीर्घ, पण विधिमंडळ, विधिज्ञ, विधिवत यांत ऱ्हस्व. 'यथाविधि' हे 'तथापि', 'यथामति' यांसारखे तत्सम अव्यय असल्याने शेवटी ऱ्हस्वच.

अर्थातली अंतरेही सांभाळावी लागतात. 'कायद्याने' हा शब्द कधी कर्ता दाखवतो, जसे 'कायद्याने बालविवाहाला बंदी घातली आहे', तर कधी रीत दाखवतो, जसे 'कायद्याने वागावे'. 'नियमानुसार' म्हणताना आधार अधिनियमाचा असेलच असे नाही. गृहनिर्माण संस्थेचा किंवा शाळेचा नियमही पुरतो. परवानगी न घेता उभारलेले बांधकाम 'अनधिकृत', मान्यता नसलेली सावकारी 'अवैध', आणि कायद्याच्या थेट विरुद्ध जाणारी कृती 'बेकायदा'. जे आधी नियमात नव्हते ते नंतर नियमात आणण्यासाठी २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने आपल्या नावातच 'नियमाधीन करणे' हा प्रयोग घेतला. ठरलेल्या पायऱ्या पार पडल्या हे सांगायला 'रीतसर', शास्त्रोक्त अंगे पूर्ण झाली हे सांगायला 'यथाविधि', दीर्घ उपभोग सांगायला 'वहिवाटीने', लोकशाही मार्गासाठी 'सनदशीर' आणि विधिमंडळाने केलेल्या नियमाचा आधार सांगायला 'कायदेशीररीत्या' हे शब्द आपापल्या जागी नेमके बसतात. एकाच्या जागी दुसरा घातला तर वाक्य शुद्ध राहते, पण त्याचा आधार बदलतो.